कवितेची सवय कुठे मोडते? आधुनिक आयरिश कविता वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. इंग्रजीला आधुनिक आयरिश कविता आहे, येट्सपासून हीनी, बोलंडपर्यंत. पेपरात ‘आशयसूत्रं आणि तंत्र यांचं विश्लेषण करा’ असं विचारतात. आशयात अस्मिता, हिंसा, निसर्ग, स्मृती आणि तंत्रात प्रतिमा, अनुप्रास, प्रतीकं, मुक्तछंद असं सगळं उदाहरणांसकट लिहिलं, तरी गुण निम्म्यावर अडकतात. नेमकं काय कमी पडतं?

सव्वीस वर्षं ही कविता शिकवतो आहे आणि तिचे पेपरही तपासतो आहे. तुमच्यासारखी उत्तरं दर वर्षी गठ्ठ्यांनी येतात. मेहनत दिसते, कविता मात्र दिसत नाही. एक करून पाहा. उत्तर लिहून झालं की कवितेचं नाव बोटाखाली झाका आणि पुन्हा वाचा. तेच उत्तर दुसऱ्या एखाद्या कवितेला चालत असेल, तर विश्लेषण अजून सुरूच झालेलं नाही.

अडचण दोन रकान्यांची आहे. एकीकडे आशय, एकीकडे तंत्र, आणि मधे रेघ. तंत्र म्हणजे कवीने घेतलेला निर्णय, आणि निर्णयामागे कारण असतं. प्रत्येक कविता पहिल्या काही ओळींत स्वतःला काही सवयी लावून घेते. ओळ किती लांब, कडवं किती ओळींचं, यमक कसं, कोणाला कोणत्या सर्वनामाने बोलवायचं, हे ठरून जातं. मग एखाद्या जागी ती सवय मोडते. मी वर्गात विद्यार्थ्यांना आधी ती जागा शोधायला लावतो. बाकीचं उत्तर तिथूनच निघतं.

शेमस हीनीची ‘मिड-टर्म ब्रेक’ घ्या. १९५३ साली हीनी डेरीच्या वसतिगृहात शिकत होते, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ क्रिस्टोफर गाडीच्या धडकेत गेला. कविता १९६६च्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या पहिल्या संग्रहात आहे. शीर्षक वाचून सुट्टीचा आनंद अपेक्षित असतो. पण दुसऱ्याच ओळीत तासांच्या घंटांसाठी ‘नेलिंग’ हे क्रियापद येतं, जे इंग्रजीत मृत्यूच्या घंटेसाठी वापरतात. मुलगा आजाऱ्यांच्या खोलीत बसून घंटा मोजतोय. मग घर, रडणारे वडील, बाबागाडीत खिदळणारं तान्हं मूल, हात हातात घेणारे म्हातारे, रुग्णवाहिका. सगळं तीन-तीन ओळींच्या कडव्यांत, सपाट आवाजात. रडण्याचं वर्णन आहे, पण कविता स्वतः रडत नाही.

इथे एका वाक्याशी थांबा. ते म्हातारे मुलाला म्हणतात, तुझ्या ‘ट्रबल’बद्दल वाईट वाटलं. उत्तरपत्रिकांत मी कितीदा वाचलंय की इथे ट्रबल म्हणजे उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार, ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं यावरून पेटलेला, ‘द ट्रबल्स’. तसं नाही. आयर्लंडमध्ये मयताच्या घरी जाऊन म्हणायचं हे ठरलेलं वाक्य आहे. आपण ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ म्हणतो, तसंच. आता त्या जागेची खरी ताकद दिसते. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना म्हणायचं वाक्य एका शाळकरी पोराला म्हटलं जातंय, आणि त्याला कुठे बघावं ते कळत नाहीये. एका ठरीव वाक्याने त्याला एका दुपारीत मोठं करून टाकलं.

पुढे मृतदेह घरी येतो तेव्हा कवी ‘कॉर्प्स’, म्हणजे प्रेत, असा शब्द वापरतो. परिचारिकांनी रक्त थांबवून पट्ट्या बांधलेलं प्रेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर खोलीत जातो आणि म्हणतो, मी ‘त्याला’ पाहिलं. प्रेताचा तो पुन्हा भाऊ झाला. सर्वनाम एवढंच, पण कवितेतलं सगळं दुःख तिथून आत येतं.

आणि मग शेवट. तीन ओळींची सात कडवी झाल्यावर एकच ओळ सुटी उभी आहे: चार फुटांची पेटी, दर वर्षाला एक फूट. कडव्याची सवय मोडली. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट होते. आधीच्या ओळीचा शेवट ‘क्लिअर’ आणि या ओळीचा ‘यिअर’. कवितेभर लागोपाठच्या ओळींत स्वच्छ यमक नाही, ते इथे पहिल्यांदा जुळतं. पेटीचं झाकण बसावं तसं. ‘शेवटी यमक आहे’ एवढं लिहिलंत तर निरीक्षण झालं. इतका वेळ रोखून धरलेली कविता नेमकी पेटीचं माप सांगताना का जुळते, हे लिहिलंत तर विश्लेषण झालं.

त्याच संग्रहाची पहिली कविता ‘डिगिंग’. ही सगळ्यांना येते, म्हणूनच वाईट लिहिली जाते. अंगठा आणि बोट यांच्या मधे लेखणी, बंदुकीसारखी घट्ट बसलेली. खिडकीखाली वडील खणतायत. विद्यार्थी लगेच लिहितात, बंदूक म्हणजे उत्तर आयर्लंडमधला संघर्ष. तारीख पाहा. कविता १९६४ची आहे आणि तो संघर्ष पेटला १९६८-६९ मध्ये. बंदुकीत हिंसेची सावली वाचू नका असं मी म्हणत नाही, त्या प्रांताच्या हवेत बंदूक आधीपासून होतीच. पण नंतरचा इतिहास उचलून आधीच्या कवितेत ठेवला की परीक्षकाला ते दिसतं.

त्यापेक्षा कानाने वाचा. पहिल्या दोन ओळी ‘थम’ आणि ‘गन’वर संपतात. जवळजवळ यमक, पण पुरतं नाही. एकात ओठ मिटतात, दुसऱ्यात जीभ टाळूला लागते. पुढे ‘साउंड’, ‘ग्राउंड’, ‘डाउन’ येतात आणि मग यमक सुटतं. वडील वाकतात ते वीस वर्षांपूर्वीच्या बटाट्याच्या सऱ्यांत वर येतात, तेही एकाच वाक्यात. म्हणजे खणणं जमिनीतही चाललंय आणि काळातही. त्यांच्यामागे आजोबा, टोनरच्या बॉगमध्ये पीट कापणारे. बॉग म्हणजे तिथली पाणथळ दलदल आणि पीट म्हणजे तिच्यातून विटांसारखं कापून, वाळवून चुलीत घालायचं जळण. शेवटी सुरुवातीचीच ओळ परत येते: बोट, अंगठा, लेखणी. पण बंदूक गेली. ती उपमा गळून पडली आणि तिच्या जागी आलं, मी हिनेच खणेन. पुनरावृत्तीत काय परत आलं यापेक्षा काय परत आलं नाही हे आधी पाहावं, हे मी या कवितेवरून शिकलो.

हीच दृष्टी मागे येट्सकडे न्या. ‘ईस्टर १९१६’ ही त्यांची कविता ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या उठावावर आहे. उठाव २४ एप्रिल १९१६ला, ईस्टरच्या सोमवारी सुरू झाला आणि मे महिन्यात त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कवितेची चार कडवी आहेत आणि त्यांच्या ओळी आहेत १६, २४, १६, २४. तारीख आणि वर्ष कवितेच्या हाडांत घातलेलं आहे असं अनेक समीक्षक मानतात, मलाही ते पटतं. पण परीक्षेत नुसता हा आकडा टाकून पळू नका. ध्रुवपदाकडे या. एक भयंकर सौंदर्य जन्माला आलं, ही ओळ पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या शेवटी आहे. तिसऱ्याच्या शेवटी नाही. तिसऱ्या कडव्यात ओढा आहे, घोडा आहे, ढग आहेत, पाणकोंबड्या आहेत. सगळं क्षणाक्षणाला बदलतंय आणि मधोमध एक दगड, न बदलणारा. एकाच ध्येयाने भारलेलं मन असं दगड होतं, असं कवी म्हणतो. ‘सगळं बदललं’ म्हणणारी कविता बदलाच्याच कडव्यात ध्रुवपद गाळते, आणि तिथे कवीची शंका उघडी पडते. या माणसांचं बलिदान मोठं होतं, पण त्यांची मनं दगड झाली होती का? आणि पुढच्या कडव्यात तो सरळ विचारतो, हे मरण गरजेचं होतं का?

नावांचंही पाहा. दुसऱ्या कडव्यात ती माणसं ‘हा’, ‘तो दुसरा’ अशी येतात. त्यांतला एक मॅकब्राइड, येट्सचं जिच्यावर आयुष्यभर प्रेम होतं त्या मॉड गॉनचा दुरावलेला नवरा. त्याला तो दारुडा, पोकळ फुशारक्या मारणारा म्हणतो, तरीही कवितेत जागा देतो. नावं येतात ती अगदी शेवटी: मॅकडोनाह, मॅकब्राइड, कॉनोली, पिअर्स. आई झोपलेल्या लेकराचं नाव घेते तसं नाव घेणं आपलं काम, असं कवी त्याआधी म्हणतो. म्हणजे नावं न घेणं आणि मग घेणं, हे दोन्ही त्याचे निर्णय आहेत.

आता हीनींचे बॉगवरचे लेखन. पी. व्ही. ग्लोब या डॅनिश पुरातत्त्वज्ञाचं पुस्तक १९६९मध्ये इंग्रजीत आलं. त्यात दलदलीत दोन हजार वर्षं टिकलेल्या मृतदेहांची छायाचित्रं होती. कुणाच्या गळ्यात फास, कुणाचा गळा चिरलेला. उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, माणसं मरत होती त्या वर्षांत हीनींना या चेहऱ्यांत आपली माणसं दिसली. १९७५च्या ‘नॉर्थ’मधली ‘पनिशमेंट’ वाचा. व्यभिचाराची शिक्षा म्हणून मारलेली एक मुलगी. (तो मृतदेह बहुधा मुलाचा असावा असं पुढच्या संशोधनात निघालं, पण कविता तेव्हाच्या समजावर उभी आहे.) सुरुवातीला ती ‘ती’ आहे. मधेच कवी तिला ‘तू’ म्हणायला लागतो. जवळीक वाढते आणि लगेच तो स्वतःला पकडतो. मीही गप्प राहण्याचे दगड मारले असते, असं म्हणतो. कारण ब्रिटिश सैनिकांबरोबर फिरल्या म्हणून बेलफास्टमध्ये मुलींचे केस कापून अंगावर डांबर ओतलं जात होतं आणि तो तिथे मुका उभा होता. सर्वनाम बदलल्यामुळे ही कबुली शक्य झाली. ‘ती’बद्दल करुणा दाखवणं सोपं. ‘तू’ म्हटल्यावर उत्तर द्यावं लागतं.

याच संग्रहावर किअरन कार्सन या बेलफास्टच्या कवीने १९७५मध्येच कडक टीका केली. त्याचं म्हणणं असं की हीनी हिंसेला मिथकात घालतात, आणि मिथकात घातलं की ती युगानुयुगं चालत आलेली, म्हणजे टाळता न येणारी वाटते. मला ही टीका अर्धी बरोबर वाटते. ‘पनिशमेंट’च्या शेवटी कवीला टोळीचा सूड ‘समजतो’ असं वाचताना अजूनही अस्वस्थ होतं. पण ती अस्वस्थता कविताच देते, लपवत नाही. तुमच्या उत्तरात हा वाद जरूर आणा. तंत्राचे परिणाम नैतिक असतात, हे त्याने एका फटक्यात सिद्ध होतं.

आणि कार्सनने स्वतः काय केलं? ‘बेलफास्ट कॉन्फेटी’. लग्नात उधळायच्या कागदी तुकड्यांना कॉन्फेटी म्हणतात. बेलफास्टमध्ये मात्र ‘बेलफास्ट कॉन्फेटी’ म्हणजे दंगलीत फेकायचे नट, बोल्ट, खिळे. ही नऊ लांब ओळींची कविता आहे. दंगल पथक येतं आणि आकाशातून उद्गारचिन्हांचा पाऊस पडतो. स्फोट म्हणजे नकाशावरचं तारांकन. गल्लीबोळ पूर्णविराम आणि अपूर्णविरामांनी अडवलेले. शेवटी नाव काय, कुठून आलास, कुठे चाललास अशा प्रश्नचिन्हांची फैर. इथे मिथक नाही. विरामचिन्हं, म्हणजे लिहिणाऱ्याची रोजची हत्यारं, हीच हिंसा झाली आहेत. वाक्यं मधेच तुटतात, कारण कवितेतल्या ‘मी’ला डोक्यात एक वाक्य पूर्ण करायचंय आणि ते होत नाहीये. रस्त्यांची नावं वाचा: बालाक्लावा, रॅग्लन, इंकरमन, ओडेसा, क्रिमिया. ब्रिटिशांच्या १८५३-५६च्या क्रिमियन युद्धातली नावं आहेत ही. आपल्याच गल्लीतून पळणारा माणूस साम्राज्याच्या जुन्या लढाईत अडकलाय आणि पुढे रस्ता बंद आहे. नावांची नुसती यादी देऊन कवीने इतिहास सांगून टाकला.

नावांवरून पॅट्रिक कॅव्हना आठवतो. ‘एपिक’ (महाकाव्य) हे त्याचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, सॉनेट. दोन शेतकरी खडकाळ जमिनीच्या इवल्याशा तुकड्यावरून भांडतायत. आपल्याकडचं बांधाचं भांडण, तेच. वर्ष म्युनिक कराराचं, १९३८, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचं. कवीला वाटतं, जगात काय चाललंय आणि मी बॅलिरश, गॉर्टिन या खेड्यांचं काय घेऊन बसलोय. तेवढ्यात प्राचीन ग्रीक महाकवी होमरचं भूत कानात सांगतं, मी इलियड हे महाकाव्य अशाच एका गावभांडणातून केलं. पुढच्या पिढीला आपलं गाव कवितेत आणायची हिंमत इथून मिळाली. हीनी ते उघड मान्य करत.

इलियडकडेच मायकेल लाँगली गेले, पण वेगळ्या कामासाठी. ३१ ऑगस्ट १९९४ला आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, शस्त्रसंधी जाहीर केली आणि ३ सप्टेंबरच्या ‘आयरिश टाइम्स’मध्ये लाँगलींची ‘सीझफायर’ (शस्त्रसंधी) ही कविता छापून आली. चौदा ओळी: चार ओळींची तीन कडवी आणि एक जोडओळ. आपल्या मुलाला, हेक्टरला, मारणाऱ्या ग्रीक योद्धा अकिलीसच्या तंबूत ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम प्रेत मागायला येतो. दोघे रडतात, जेवतात, एकमेकांकडे बघत राहतात. सवय कुठे मोडली ते शोधा. होमरमध्ये प्रायम आत येताच गुडघे टेकून अकिलीसचे हात चुंबतो, म्हणजे ही भेटीची सुरुवात आहे. लाँगलींनी तिथून उचलून ती शेवटी ठेवली. तिसऱ्या कडव्याच्या अखेरीला ‘अर्लिअर’, म्हणजे ‘आधी’, हा साधा शब्द येतो आणि काळ मागे फिरतो. मग जोडओळ: मी गुडघे टेकतो, करायचं ते करतो, आणि माझ्या मुलाला मारणाऱ्याचा हात चुंबतो. तिसऱ्या कडव्यातलं यमक अर्धंमुर्धं होतं, ‘माइट’ला ‘साइड’ (‘उसासला’ या अर्थी) असं. इथे ‘डन’ आणि ‘सन’ पक्कं जुळतं. शांतता प्रस्थापित झाली असं ही कविता म्हणत नाही. शांततेची किंमत कोणी मोजायची, ते सांगून ती थांबते. आणि हेक्टरच्या प्रेताला ‘युनिफॉर्म’ घातलाय, हा ट्रॉयमध्ये न शोभणारा शब्द सुटू देऊ नका. त्या एका शब्दाने वाचक ट्रॉयमधून उत्तर आयर्लंडमध्ये येतो.

भाषेचा प्रश्न याच्या मुळाशी आहे. या कवींपैकी बहुतेकांची घरची भाषा इंग्रजी, पण गावांची नावं आयरिश. हीनींची ‘ब्रोख’ ही छोटी कविता एका गावाच्या नावावर आहे. तिचा शेवट त्या नावातल्या अखेरच्या घशातल्या उच्चारावर होतो, जो परक्यांना जमत नाही. आपल्याला हे समजवावं लागत नाही. ज्याच्या जिभेला ‘ळ’ येत नाही त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं की काय वाटतं ते आठवा. नुअला नी गोनिल तर कविता आयरिशमध्येच लिहितात आणि इतर कवी त्यांचे इंग्रजी अनुवाद करतात. भाषेवरच्या त्यांच्या एका कवितेत, बायबलमधल्या बाळ मोझेसला टोपलीत घालून नदीत सोडलं होतं तशी, एक टोपली पाण्यात सोडली आहे. टोपलीत भाषा आहे, आणि ती कोणत्या काठाला लागेल ते ठाऊक नाही. अनुवादातून वाचताना हे लक्षात ठेवा आणि तिथे यमकांवर पान भरू नका.

ईव्हन बोलंडबद्दल एकच सांगतो. आयरिश कवितेत बाई म्हणजे मातृभूमीचं प्रतीक, तिला स्वतःचं शरीर नाही, ही त्यांची आयुष्यभराची तक्रार होती. ‘क्वारंटाइन’मध्ये आयर्लंडच्या १८४७च्या दुष्काळात वर्कहाउसमधून, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहातून, निघालेलं एक जोडपं सकाळी थंडीने, भुकेने मेलेलं सापडतं. तिची पावलं त्याच्या छातीला टेकलेली. सुरुवातीला ‘वर्स्ट’ (सर्वांत वाईट) हा शब्द तीनदा येतो, वर्णन वाढत नाही, नुसती नोंद होत राहते. प्रेमकवितांनी या उंबऱ्यापाशी येऊ नये, असं बोलंड सांगतात, आणि तसं सांगतच त्या एक प्रेमकविता लिहितात. या विरोधावर अख्खं उत्तर उभं राहतं.

पेपरात वेळ मोजका असतो, म्हणून तीन कवितांवर धावण्यापेक्षा एकीवर दोन पानं लिहा आणि दुसरीला तिच्या शेजारी आणा. पहिल्याच परिच्छेदात मोडलेली जागा सांगा, प्रस्तावनेत कवीचं जन्मगाव नको. यमक, लय यांच्याबद्दल लिहाल ते आधी मोठ्याने वाचून लिहा. ही कविता डोळ्यांनी कळत नाही.

सरावासाठी हीनींनी आईवर लिहिलेल्या ‘क्लिअरन्सेस’ या १९८७च्या सुनीतमालेतलं तिसरं सुनीत घ्या. २०१५मध्ये आयर्लंडच्या वाचकांनी गेल्या शंभर वर्षांतली सर्वांत आवडती कविता म्हणून त्याला निवडलं. सगळे चर्चला गेलेत, आई आणि मुलगा दोघंच बटाटे सोलतायत, सोललेले बटाटे बादलीत पडतायत. पुढच्या सहा ओळींत ती मरणशय्येवर आहे. ‘डिगिंग’मध्ये वडील बटाटे खणत होते आणि मुलाकडे फावडं नव्हतं. इथे चाकू दोघांच्याही हातात आहे. पहिल्या आठ ओळींतली जोड्यांची यमकं मुद्दाम ढिली ठेवली आहेत, ‘वन’ला ‘आयर्न’, ‘शेअर’ला ‘वॉटर’. शेवटच्या जोडीत मात्र ‘नाइव्ह्ज’ आणि ‘लाइव्ह्ज’ काटेकोर जुळतात, आणि ती ओळ म्हणते की पुढे आयुष्यभरात आम्ही इतके जवळ कधीच आलो नाही. चाकू आणि आयुष्य यांचंच यमक का जुळलं, यावर एक पान लिहून काढा.